मशीनबाहेरच्या आठ टेपा

"टेप खराब झालीय की हरवलीय, एवढं तरी सांगा," डॉ. वळवी म्हणाल्या. "म्हणजे मला त्या माणसाला काहीतरी सांगता येईल."

"अजून दोन्ही नाही," मी म्हणाले. "सिस्टिम म्हणतेय, टेप आहे. फक्त ऑफलाइन आहे."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे तिची नोंद आहे, पण ती यंत्राच्या हाताला लागत नाही."

डॉ. कल्पना वळवी त्या हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागाच्या प्रमुख. धुळ्याजवळ एका ट्रस्टचं हे कॅन्सर हॉस्पिटल होतं. मी नाशिकच्या एका छोट्या कंपनीत बॅकअपचं काम करायचे. दोन हजार सातमध्ये इथली बॅकअपची यंत्रणा मीच बसवली होती. त्यानंतर वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येऊन फक्त मशीनच्या खोलीतले पंखे आणि केबली बघून जायचे, बाकीचं काम फोनवर. आता दोन हजार चौदाचा नोव्हेंबर होता.

दवाखान्यातल्या जुन्या पेशंटची माहिती मुख्य कॉम्प्युटरवर ठेवायला जागा पुरायची नाही. म्हणून दर तीन महिन्यांची कामं एका टेपवर उतरवली जायची. तळहाताएवढी चौकोनी टेप, आणि ती ठेवायला कपाटाएवढं यंत्र. त्यात चोवीस खण. मागितलेली टेप यंत्राचा हात खणातून काढायचा आणि वाचायला द्यायचा. सिस्टिमच्या भाषेत अशा प्रत्येक टेपला व्हॉल्यूम म्हणतात. आम्हाला हवी होती ती टेप दोन हजार आठच्या शेवटच्या तिमाहीची, आणि तिच्या नावापुढे लाल अक्षरांत ऑफलाइन असं दिसत होतं.

"मी समजावतो," शेजारी उभे असलेले पिंजारी सर म्हणाले. नौशाद पिंजारी तिथले फिजिसिस्ट. कुठल्या कोनातून किती किरण सोडायचे याचं गणित ते करायचे. त्यांनी पडद्यावर एका माणसाच्या मानेचा स्कॅन उघडला. "कौतिक खैरनार. शहाद्याचे टेलर. सहा वर्षांपूर्वी इथे गाठ होती, आपण रेडिएशन दिलं, बरे झाले. आता त्याच जागेच्या जरा खाली, मणक्याला चिकटून परत आलीय. ऑपरेशन होणार नाही. परत रेडिएशनच."

"मग अडचण काय?"

"मज्जारज्जू. तो एकदा घेतलेले किरण विसरत नाही. त्याला मागच्या वेळी किती मिळाले ते कळल्याशिवाय आता किती द्यायचे ते ठरत नाही. कागदाच्या फाइलीत एकूण डोस आहे. पण मज्जारज्जूच्या कुठल्या भागाला किती गेला, तो नकाशा फक्त त्या टेपवर आहे."

"अंदाजाने कमी दिलं तर गाठ राहील," वळवी मॅडम म्हणाल्या. "जास्त दिलं तर पाय जातील. गुरुवारी सुरू करायचं म्हणतेय. त्याच्या पुढे थांबवत नाही."

तो मंगळवार होता.

मी कामाला लागले. ऑफलाइन दिसलं की आमची एक ठरलेली वाट असते. आधी यंत्र बंद-चालू केलं. मग वाचणारा भाग साफ केला. टेपवरची बारकोडची चिठ्ठी उन्हाळ्यात सुटते, मग यंत्राला टेप दिसूनही ओळखता येत नाही. म्हणून चोवीसही टेपा हाताने बाहेर काढून एकेक चिठ्ठी तपासली. सगळ्या धड होत्या. पण हवी असलेली टेप त्या चोविसांत नव्हतीच. तिच्या खणात कोरी, नवी टेप होती.

म्हणजे बिघाड नव्हता. टेप कुणीतरी बाहेर काढली होती.

मग मी ऑफलाइन टेपांची पूर्ण यादी काढली. एक नाही, आठ होत्या. दोन हजार सातच्या पहिल्या तिमाहीपासून दोन हजार आठच्या शेवटच्या तिमाहीपर्यंत, ओळीने सगळ्या. प्रत्येक टेप यंत्राच्या दारातून रीतसर आज्ञा देऊन काढलेली होती, आणि आज्ञा देणाऱ्याचं नाव दर वेळी एकच: रेकॉर्ड.

"हा रेकॉर्ड म्हणजे कोण?" मी पिंजारी सरांना विचारलं.

"रेकॉर्ड रूमचं लॉगिन ते. तेव्हा सपकाळे बाई होत्या तिथे." ते जरा घुटमळले. "तुम्ही वाणी साहेबांशी बोला. ते प्रकरण झालं होतं."

वाणी साहेब प्रशासक. टेबलावर एकही कागद वाकडा नसलेला माणूस. मी यादी पुढे ठेवली तशी त्यांनी चष्मा काढला.

"त्या टेपा चोरीला गेल्या. जानेवारीत स्टॉक तपासला तेव्हा आठ कमी निघाल्या. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, माहीत नाही. चौकशी बसवली. तिथेही तेच, माहीत नाही. वीस वर्षांची नोकरी म्हणून काढलं नाही, धर्मशाळेवर पाठवलं."

"पण साहेब, चोराने जुन्या, भरलेल्या टेपा का नेल्या असतील? शेजारच्या कपाटात कोऱ्या टेपांची खोकी होती."

"ते मला काय माहीत? तुमच्या रिपोर्टात लिहा, कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे टेपा गहाळ. आम्हालाही ट्रस्टला काहीतरी द्यावं लागतं."

मी यादी उचलून बाहेर आले. मला त्या यादीचं कोडं पडलं होतं. कॅन्टीनमध्ये ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी समोर ठेवून मी काढल्याच्या तारखा पुन्हा पाहिल्या. पहिली टेप मार्च दोन हजार बाराच्या अखेरीला निघाली होती. दुसरी जूनच्या अखेरीला. तिसरी सप्टेंबरच्या. दर तीन महिन्यांनी एक, आणि दर वेळी तिमाही संपायच्या चार-पाच दिवस आधी. इतक्या शिस्तीने कुणी चोरी करत नाही.

"व्हयनं का ताई मशीन चालू?"

समोर गळ्याला मफलर गुंडाळलेले एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. मग मला कळलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा विचारलं, "मशीन सुरू झालं का? पिंजारी सर म्हणाले, नाशिकच्या ताई आल्या आहेत माझ्या कामासाठी. मी खैरनार."

"बसा ना. मशीन चालू आहे. तुमची जुनी माहिती शोधतेय."

ते बसले. माझ्या बाहीकडे त्यांची नजर गेली. "कुडता कुठे शिवला? खांद्यावर ओढतोय बघा. बाही सव्वा इंच मागे लावायला पाहिजे होती." मग स्वतःच हसले. "सवय आहे. माझं मशीन पायाचं आहे, ताई. पोरगा म्हणतो मोटर लावा. पण पायाखाली मशीन असलं की टाका आपल्या मनासारखा पडतो." त्यांनी भाकरीच्या ताटाकडे पाहिलं. "मॅडमनी मला स्पष्ट सांगितलंय. पायांचं काय होऊ शकतं ते. तुम्ही घाबरू नका. शोधा सावकाश."

मी त्यांना कसलाही शब्द दिला नाही, पण भाकरी तशीच ठेवून उठले.

धर्मशाळा आवाराच्या दुसऱ्या टोकाला, सागाच्या झाडांमागे होती. पेशंटचे नातेवाईक तिथे राहायचे. व्हरांड्यात दगडी चुली, दोरीवर वाळत घातलेली लुगडी, आणि दाराशी टेबल टाकून बसलेल्या एक बारीक चणीच्या बाई. केस पूर्ण पांढरे. एका म्हाताऱ्याला त्या आंघोळीच्या गरम पाण्याची वेळ समजावून सांगत होत्या. तो गेल्यावर मी विचारलं, "निर्मला सपकाळे आपणच का?"

"हो. खोली पाहिजे का?"

"नाही. मी नाशिकहून आलेय. बॅकअपचं काम बघते. सुचेता अहिरराव."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग टेबलाचा खण उगाच उघडून बंद केला. "टेपांबद्दल मला काही माहीत नाही. चौकशीत सांगितलंय तसं."

"मी चौकशीसाठी नाही आले. कौतिक खैरनारांसाठी आले."

"खैरनार? चार नंबरच्या खोलीतले? त्यांचं काय?"

मी सगळं सांगितलं. गाठ, मणका, नकाशा, गुरुवार. मी थांबल्यावर बाईंनी फक्त एक प्रश्न विचारला.

"टेप मशीनमध्ये घातली की मशीन ती पुसणार नाही, याची खात्री देता?"

तो प्रश्न ऐकला आणि दुपारभर जुळत नसलेल्या तारखा जुळल्या. यंत्रणा बसवताना मीच एक मुदत घातली होती. पाच वर्षं झाली की टेप आपोआप मोकळी समजायची आणि तिच्यावर नवीन काम लिहायचं. मार्च दोन हजार सातची टेप मार्च दोन हजार बाराच्या अखेरीला पुसली जाणार होती. बाईंनी ती चार दिवस आधी काढली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. दर वेळी पुसली जायच्या तोंडावर.

"तुम्ही त्या वाचवल्या," मी म्हणाले.

"या माझ्याबरोबर."

आतल्या खोलीत पांघरुणांचं लोखंडी कपाट होतं. सगळ्यांत वरच्या कप्प्यातून त्यांनी शिवणाचा डबा असतो तसा पत्र्याचा डबा काढला. आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेल्या आठ टेपा, आणि प्रत्येक पिशवीत औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या, हवेतला ओलावा शोषणाऱ्या बारीक पुड्या.

"चौकशीत का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेब म्हणाले असते, परत द्या. परत दिल्या की गेल्या मशीनमध्ये. आणि मशीनमध्ये गेल्या की पुसल्या." त्यांनी आठवी टेप काढून माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "मी पंधरा वर्षं रेकॉर्डला होते. जुनी फाइल मागायला कोण येतं माहीत आहे का? जो गेला, त्याची फाइल कुणी मागत नाही. जो पाच वर्षं जगला, तोच परत येतो. आणि नेमकं पाचव्या वर्षी तुमचं मशीन त्याला पुसतं."

पाच हा आकडा मी कुणालाही न विचारता टाकला होता. दुसऱ्या एका कारखान्याच्या यंत्रणेत तो होता, तोच उचलून इथे लावला होता.

"कुणाला तरी सांगायचं होतं, बाई. कंपनीला कळवायचं."

"कळवलं होतं." बाई शांतपणे म्हणाल्या. "फोन केला होता नाशिकला. एक बाई बोलल्या. म्हटलं, ही पाच वर्षांची मुदत वाढवता येईल का? त्या म्हणाल्या, तसं पत्र साहेबांच्या सहीने यायला पाहिजे. साहेब सही करेनात. परत फोन केला. तर म्हणाल्या, आत असलेली टेप वेळ झाली की पुसली जाणारच, बाहेर असलेल्या टेपला मात्र मशीन हात लावू शकत नाही." त्यांनी टेप सोडली. "म्हणून बाहेर काढल्या. मघाशी तुम्ही तोंड उघडलं तेव्हाच आवाज ओळखला मी."

मला तो फोन आठवत नव्हता. आजही आठवत नाही. पण ते वाक्य माझंच होतं. तेव्हा मी ते दिवसातून चार गिऱ्हाइकांना सांगायचे आणि फोन ठेवायचे.

आम्ही दोघी सागाच्या पानांवरून चालत मशीनच्या खोलीपर्यंत गेलो. बाई दाराशीच थांबल्या. दहा महिन्यांत त्या या इमारतीत आल्या नव्हत्या. मी टेप उलटी केली आणि कोपऱ्यातली नखाएवढी पट्टी सरकवली. टेपवरच्या बारीक खिडकीत लाल रंग दिसला.

"हे काय केलं?"

"कुलूप. आता मशीन ही वाचू शकतं, पण हिच्यावर काही लिहू शकत नाही. पुसूही शकत नाही."

बाईंनी ती पट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे फोनवर सांगता आलं असतं?"

"हो."

त्यांनी त्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

टेप आत गेली. यंत्राचा हात सरकला, खण उघडला, वाचण्याचा आवाज सुरू झाला, आणि दोन मिनिटांत थांबला. पडद्यावर एरर आला. पुन्हा घातली, पुन्हा तेच. वळवी मॅडम येऊन उभ्या राहिल्या, पिंजारी सर आले. मी टेप काढून हातावर घेतली. ती अजून कोमट होती. पांघरुणांच्या कपाटातून थंड खोलीत आल्यावर तिला थोडा वेळ द्यायला हवा, हे मला सुचलंच नव्हतं, घाई झाली होती. साफ करायची टेप एकदा फिरवली आणि सगळ्यांना सांगितलं, दोन तास थांबायचं. ते दोन तास कुणीही खोलीबाहेर गेलं नाही. बाईंना पिंजारी सरांनी स्वतःची खुर्ची दिली.

साडेचारला तिसऱ्यांदा टेप घातली. या वेळी आवाज थांबला नाही. एकेक नाव वर सरकत गेलं, आणि खैरनारांचं आलं. पिंजारी सरांनी फाइल उघडली. मानेच्या स्कॅनवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या रेषांची वर्तुळं उमटली. ते खुर्चीवर न बसता वाकून बघत राहिले.

"डावीकडे जवळजवळ मर्यादेपर्यंत गेलंय," ते हळूच म्हणाले. "अंदाजाने दिलं असतं तर मी डावीकडूनच दिलं असतं. उजवीकडे जागा आहे. मॅडम, उजवीकडून, थोडं थोडं, जास्त दिवस. होईल."

वळवी मॅडमनी मान हलवली. मग त्या वळल्या आणि सपकाळे बाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

रिपोर्टात बिघाडाचं कारण असा एक रकाना असतो. वाणी साहेबांच्या समोर बसून मी तो भरला. पाच वर्षांनी पुसण्याची मुदत चुकीची, ती सुचेता अहिरराव यांनी विचारपूस न करता घातली. आठ टेपा निर्मला सपकाळे यांनी हेतुपुरस्सर बाहेर काढून सुरक्षित ठेवल्या.

"तुमच्या कंपनीला हे चालेल?" त्यांनी विचारलं.

"नाही चालणार."

चाललं नाहीच. मला वर्षभर ऑफिसात बसवलं, बाहेरची कामं बंद. पण वाणी साहेबांनी तो कागद जसाच्या तसा ट्रस्टपुढे ठेवला, हेही सांगायला हवं. बाईंच्या नावावरचा ठपका निघाला. रेकॉर्ड रूम परत देऊ केली, ती मात्र त्यांनी घेतली नाही. "इथे माणसं बोलतात," एवढंच म्हणाल्या. खैरनारांचे सदतीस दिवस उपचार झाले. ते चालत घरी गेले.

पण त्या दिवशी सगळं वाचलं नव्हतं. निघण्याआधी मी मुदत काढून टाकली आणि बाकीच्या टेपा तपासल्या. बाई धर्मशाळेवर गेल्यानंतर यंत्राला अडवणारं कुणी नव्हतं. दोन हजार नऊच्या पहिल्या तीन टेपांवर त्याने वेळेवर, चोख, नवीन काम लिहून टाकलं होतं. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यातली नावं तरी राहिलीत का?"

नावं सिस्टिमच्या यादीत होती. चारशे बारा.

ज्यांच्या घरी जुने कागद, जुन्या फिल्म्स असतील त्यांनी त्या घेऊन यावं, आपण नकला करून ठेवू, असं बाईंनी ठरवलं. पुढचं वर्षभर महिन्यातले दोन रविवार मी नाशिकहून सकाळची एसटी पकडून धर्मशाळेत जायचे. व्हरांड्यात टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बसायचो आणि यादीतले फोन लावायचो.

पहिला फोन मी लावला. पलीकडे कुणीतरी उचलला. मी म्हणाले, "झिपरू गावित आहेत का?" बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि फोनवर हात ठेवायला लावला.

"आहेत का, असं विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "नाव घ्यायचं, दवाखान्याचं नाव सांगायचं, आणि गप्प राहायचं. त्यांना बोलू द्यायचं."

मी हात काढला. "झिपरू गावित," मी म्हणाले. "धुळ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलातून बोलतेय."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता, लांबून कुणी बैलाला हाकारत होतं. बाई पेन्सिल धरून माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"बोला ना," पलीकडून आवाज आला. "मीच बोलतोय."